परत फिरण्याचे धैर्य

काशीमिऱ्याच्या नाक्यावर उभे राहून पूर्वेकडे पाहिले असता उंच इमारतींच्या फटींतून जी हिरवी डोंगररांग दृष्टीस पडते, ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची उत्तर बाजू होय. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या अरण्यात बिबळ्यांची वस्ती आहे. आणि त्याच्या कुशीस लागून, २०११च्या शिरगणतीप्रमाणे आठ लाखांहून अधिक माणसांचे आमचे मिरा-भाईंदर शहर पसरले आहे. एवढ्या दाटीत वाढलेल्या तरुणास एकांताची तहान लागावी यात नवल ते काय? नवल वाटते ते ही तहान भागविण्यासाठी तो जे शिक्षण घेतो त्याचे.

आमच्या शेजारच्या इमारतीतील एक तरुण गेले काही महिने अशाच एका साहसाच्या तयारीत आहे. सुरी, दोरी, काडेपेटी व पाण्याची बाटली एवढ्याच साधनांवर त्यास रानात एकट्याने तीन रात्री काढावयाच्या आहेत. या उपक्रमास हल्ली ‘सोलो सर्व्हायव्हल चॅलेंज’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. शरीराच्या तयारीहून मनाची तयारी थोर, असे त्याने कोठे तरी ऐकले. आणि ते खरेही आहे. म्हणून तो पहाटे गार पाण्याने स्नान करतो, आठवड्यातून दोन उपास करतो, फरशीवर निजतो. आणि आपल्या खोलीच्या भिंतीवर त्याने ठळक अक्षरांत लिहून ठेविले आहे : ‘मागे फिरणे नाही.’ त्याच्या मातोश्रींनी या सर्व प्रकारावर आमचे मत विचारले. ते आम्ही येथे उघडपणेच मांडतो. गार पाणी, उपास आणि फरशी यांस आमची काडीचीही हरकत नाही. भिंतीवरचे ते वाक्य मात्र आजच्या आज पुसून टाकावे.

हे वाक्य आले कोठून? १२ ऑगस्ट २०१९ रोजी आपल्यापैकी पुष्कळांनी सहकुटुंब बसून दूरचित्रवाणीवर बेअर ग्रिल्स या इंग्रज साहसवीराचा कार्यक्रम पाहिला असेल. देशाचे पंतप्रधान त्या कार्यक्रमात कॉर्बेटच्या अरण्यात त्याच्यासोबत होते. कार्यक्रमाचे नावच मुळी ‘मॅन व्हर्सस वाइल्ड’, म्हणजे मनुष्य विरुद्ध रान. जणू रान हा कोणी प्रतिवादी असून त्याजवर हुकूमनामा मिळवावयाचा आहे! याच गृहस्थाच्या अशाच मालिकेच्या चित्रणात तो काही रात्री हॉटेलात मुक्कामास होता, ही गोष्ट २००७ साली उघडकीस आली आणि वाहिन्यांस खुलासे करावे लागले. यात त्या गृहस्थाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. तो लष्करात शिकलेला, कसलेला मनुष्य आहे. करमणूक हा त्याचा व्यवसाय, आणि तो त्याने चोख केला. दोष आहे तो करमणुकीस शाळा समजणाऱ्यांचा. पडद्यावर जो एकटा दिसतो त्याच्या समोर नेहमी छायाचित्रकार उभा असतो, हे साधे सत्य ज्यास आठवत नाही, त्याने एकांताची परीक्षा देण्यास बसू नये.

आता खरोखरीच्या एकांतात मनाचे काय होते ते पाहू. २०१५ साली अमेरिकेत ‘अलोन’ नावाची मालिका सुरू झाली. तीत दहा अनुभवी पुरुषांस कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर निरनिराळ्या जागी, छायाचित्रकारावाचून, एकटे सोडण्यात आले. जो शेवटपर्यंत टिकेल त्यास पाच लाख डॉलर मिळावयाचे होते. हे सर्व रानविद्येत मुरलेले. तथापि पहिला गडी एक दिवसही पुरता न काढता परतला, आणि जिंकणारा छप्पन्न दिवस राहिला. जे परतले त्यांत अस्वला-लांडग्यांच्या भयाने व घरच्या माणसांच्या ओढीने परतलेले होते. म्हणजे विस्तव पेटविण्याची विद्या हाती असूनही मन घराकडे धाव घेते. आणि गार पाण्याच्या स्नानाने ही धाव थांबत नाही.

आमच्या भाषेत यासंबंधी एक जुना शब्द आहे : चकवा. रानात वाट चुकलेला मनुष्य चालून चालून पुन्हा त्याच झाडाशी येतो, तेव्हा त्यास चकवा लागला असे आपले वाडवडील म्हणत, आणि तो भुताचा खेळ समजत. २००९ साली जर्मनीतील काही संशोधकांनी याची रीतसर परीक्षा घेतली. माणसांस अरण्यात व वाळवंटात सरळ चालत राहण्यास सांगून त्यांची वाट यंत्राने नोंदली, तेव्हा असे आढळले की, सूर्य वा चंद्र दिसत नसला म्हणजे माणसे नकळत वर्तुळात फिरतात, आणि आपण सरळ चाललो आहो अशी त्यांची खात्री असते. भूत गेले, चकवा राहिला. आणि वडिलांनी त्यावर सांगितलेला उपायही राहिला : चालणे थांबवावे, स्वस्थ बसावे, उजाडण्याची वाट पाहावी. ‘मागे फिरणे नाही’ हा मंत्र जपणारा मनुष्य नेमके हेच करू शकत नाही. तो अधिक जोराने चालू लागतो, आणि वर्तुळ तेवढे लवकर पुरे करतो.

दृढनिश्चयाने बुद्धी कशी झाकोळते याचे एक थोर उदाहरण आहे. अमेरिकेचा नौदल अधिकारी रिचर्ड बर्ड १९३४ साली दक्षिण ध्रुवखंडावर, आपल्या मुख्य तळापासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर, बर्फात पुरलेल्या एका खोपटात ऐन हिवाळ्याचे महिने एकटा राहिला. शेगडीच्या व यंत्राच्या धुरातील विषारी वायूने त्याचे शरीर पोखरले. मला वाचविण्याकरिता ध्रुवीय रात्रीत कोणी आपला जीव धोक्यात घालू नये, म्हणून त्याने आपली अवस्था सोबत्यांपासून लपविली. हेतू उदात्त होता यात शंका नाही. परंतु बिनतारी यंत्रावरून येणारे त्याचे संदेश अडखळू लागले, त्यावरून तळावरील माणसांनी ओळखावयाचे ते ओळखले. आणि ऑगस्टमध्ये तीन सोबती त्याजपर्यंत पोचले म्हणून तो वाचला. लपविल्याने त्यांचा धोका टळला नाहीच. बर्डसारख्याची ही गत, तर तीन महिने फरशीवर निजलेल्या तरुणाची काय कथा?

याउलट तयारी कशास म्हणावे ते पाहावयाचे तर रानातून क्षणभर समुद्राकडे वळले पाहिजे. कारण तोही अरण्यासारखाच निर्मनुष्य. नौदलातील दिलीप दोंदे हे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ नौकेतून एकटे निघाले आणि मे २०१०मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. ही नौका गोव्यात बांधली जात असता ते तिच्या बांधणीत गुंतलेले होते, आणि एकट्याने जगप्रदक्षिणा केलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याजवळ त्यांनी उमेदवारीही केली होती. वाटेत ते चार बंदरांत थांबले. त्यामुळे त्यांच्या पराक्रमास कमीपणा आला असे कोणी शहाणा म्हणणार नाही. त्यांच्यामागून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ साली कोठेही न थांबता तीच प्रदक्षिणा केली. पुढे २०१८च्या सप्टेंबरात एका शर्यतीत असता हिंदी महासागरातील वादळात त्यांच्या नौकेच्या डोलकाठ्या मोडल्या, पाठीच्या कण्यास जबर इजा झाली, आणि त्यांना हालता येईना. तेव्हा त्यांनी आपली अवस्था लपविली नाही. आपणास हालता येत नाही, असे स्पष्ट कळविले. अनेक देशांची विमाने व जहाजे शोधास लागली, आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलून घेतले. हेच टॉमी पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २०२३च्या एप्रिलमध्ये दुसरे आले. मदत मागण्याने त्यांचा शेवट झाला नाही. मदत मागितली म्हणूनच पुढचा प्रवास शिल्लक राहिला.

परंतु इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. आमच्याच उत्तनचे कोळी बांधव मासेमारीसाठी खोल समुद्रात जातात, ते नाखवा व खलाशी मिळून. एकट्याने जाण्यात काही मर्दुमकी आहे असे त्यांस कधी वाटले नाही. घोडबंदर रस्त्यालगतच्या पाड्यांत राहणाऱ्या वारली कुटुंबांस बिबळ्या हा पडद्यावरचा प्राणी नव्हे, शेजारी आहे. वारली लोक वाघोबास देव मानतात, वाघबारशीस त्याची पूजा करतात. यास अडाणी समजूत म्हणून हसणाऱ्यांनी थोडा विचार करावा. ज्याचे भय वाटते त्यास नाव द्यावे, त्याची जागा मानावी, त्याची वेळ चुकवावी, असे हे भयाचे शिस्तबद्ध शिक्षण आहे. आपण मध्यमवर्गीय दोन टोकांत हेलकावे खातो : एक तर भयच नको म्हणून मुलास घरात कोंडावयाचे, नाही तर भयच नाही अशी बढाई त्यास शिकवावयाची. वनाधिकारी म्हणून छत्तीस वर्षे अरण्यात घालविलेले मारुती चितमपल्ली २०२५ साली निवर्तले. त्यांची पुस्तके आपल्या कपाटात आहेत. रानातील माणसांजवळ शिकण्यास बसलेला हा पंडित पाने चाळताना दिसतो. रानास जिंकून आलेला वीर कोठेही दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, असा भित्रेपणा शिकविणारे लोक महाराष्ट्रात कधीपासून निपजू लागले? त्यांस आमचा उलट प्रश्न असा : १६६५ साली पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले देऊन टाकणारे शिवछत्रपती भित्रे होते काय? १६७०पासून तेच किल्ले एकामागून एक परत घेण्यास ते शिल्लक राहिले, याचे कारण कोठे थांबावे हे त्यांस कळत होते. मागे सरणे म्हणजे हरणे, ही समजूत या मातीतील नव्हे.

शिवाय ‘एकटा’ या शब्दातच एक लबाडी दडलेली आहे. मे २०२२मध्ये लोणावळ्याच्या डोंगरात एकटाच गेलेला एक तरुण वाट चुकला. घरी तसे कळविल्यानंतर त्याचा संपर्क तुटला. गिर्यारोहकांची पथके, पोलीस व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांनी दऱ्या धुंडाळल्या. चार दिवसांनी त्याचे प्रेत हाती लागले. त्या दुर्दैवी जिवास आम्ही दोष देत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, एकटा जाणारा कधीच एकटा जात नाही. त्याच्या पाठीशी दोराने बांधलेली दहा घरची मुले दरीत उतरत असतात. आणि जो आपल्या एकांताचे चित्रण जगास दाखविण्याच्या बेताने जातो, तो तर हजारो प्रेक्षक खांद्यावर घेऊन निघालेला असतो. प्रेक्षकांसमोर मागे फिरण्याची लाज वाटते. ही लाज बिबळ्याहून अधिक घातक आहे.

मग तयारी करावी ती कशी? तरुणांनी जाऊच नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्याने एक रात्रही अंधारात स्वतःसमवेत काढली नाही, त्याचे शिक्षण अपुरे आहे, असेच आमचे मत आहे. परंतु प्रथम कायदा. १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात परवानगीवाचून शिरता येत नाही, तेव्हा काशीमिऱ्याच्या डोंगरात चोरून मुक्काम ठोकणे हे साहस नव्हे, गुन्हा आहे. जेथे मुभा असेल तेथे आधी जाणत्या माणसासोबत जावे, मग त्याच्या हाकेच्या अंतरावर एक रात्र काढावी, मग एकटे. दुसरे असे की, परतीच्या अटी घरी असतानाच कागदावर लिहाव्या : पाणी अमुक इतके उरले, ताप आला, खुणेची वाट दिसेनाशी झाली, तर पुढे जावयाचे नाही. भुकेलेले, झोप न झालेले मन वकिलासारखे असते. ते हव्या त्या बाजूने युक्तिवाद करते. म्हणून निकाल आधीच लिहून ठेवावा, आणि त्याची एक प्रत मातोश्रींजवळ द्यावी. तिसरे, चित्रण करू नये. चौथे, भय वाटले तर ते मोठ्याने बोलून दाखवावे. रान ऐकत नाही, पण आपण ऐकतो.

हा लेख त्या तरुणाच्या हाती पडेलच. भिंतीवर काही लिहिणे त्यास आवश्यकच वाटत असेल तर त्याने खुशाल लिहावे. मात्र निघण्याची तारीख लिहील तेव्हा तिच्याखाली परत येण्याची वेळही लिहावी. जाण्याचा निश्चय कोणीही तरुण करू शकतो. वेळेवर परतण्याचा निश्चय ज्याने केला व पाळला, त्याच्याच मनाची तयारी झाली असे आम्ही समजू.