घोड्यांना काठ, आम्हाला काठी



जलाशयाच्या काठी तंबू लागणार आणि घोडे येणार, ही बातमी एव्हाना सगळ्या पाड्यांवर पोचली आहे. बैठकीत साहेबांनी जो नकाशा दाखवला तो आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला. पाणी निळं, काठ हिरवा, त्यावर पांढरे तंबू, मागे घोड्यांचा तबेला आणि पाण्याकडेने घोडे फिरवायची वाट. माणूस एकही नाही. तंबूंच्या जागेवर ‘मोकळी जमीन’ असं लिहिलंय. पाहुणे शहरातून येतील, रात्री शेकोटी, सकाळी घोड्यावरून फेरफटका. साधं, गावरान राहणं म्हणे! पलंग, गादी आणि जनरेटर असलेलं.

आता या मोकळ्या जमिनीची गोष्ट ऐका. पावसाळ्यात ती पाण्याखाली असते. दिवाळीनंतर खालच्या उसाला आवर्तन सुटतं, पाणी मागे सरतं आणि ओला गाळ उघडा पडतो. त्या गाळपेरीत आपण हरभरा टाकतो, वाल टाकतो, कुठे गहू, कुठे भुईमूग. नांगरट फार लागत नाही, खत लागत नाही. ज्यांची भातखाचरं धरणाने बुडवली त्यांना ही गाळपेर पहिल्या हक्काने, एकसाली पट्ट्याने द्यायची, हे सरकारचंच धोरण आहे. कित्येक घरांत शिमग्यानंतर जे दाणे खाल्ले जातात ते याच काठाचे.

आणि पाहुण्यांचा हंगाम कधीचा? दिवाळी ते मे. म्हणजे आपल्या हरभऱ्याचाच. पाहुण्याला तंबू पाण्याजवळ हवा. पाणी उतरेल तसा तंबूही खाली उतरणार, घोड्यांची वाटही खाली उतरणार. आपल्या गाळपेरीवरच ना? दुसरीकडे जागा आहेच कुठे? वर वनखात्याचा दगड रोवलेला आहे.

साहेब म्हणतात, रोजगार येईल. बरं, हिशोब करू. वीस घोडे ठेवणार असं सांगतात. एका बेताच्या घोड्याला दिवसाला आठ किलो सुका चारा आणि तीस लिटर पाणी धरा. उन्हाळ्यात पाणी याहून जास्त लागतं. वीस घोड्यांचा चारा रोज १६० किलो, सहा महिन्यांचा जवळपास २९ टन. हा कुठून येणार? विकत आणणार म्हणतात. आणतील थोडा. बाकी डोंगर आहेच. आपला बैल त्याच डोंगरावर चढला की गार्ड पावती फाडतो, म्हातारीच्या शेळ्या कोंडवाड्यात जातात. घोड्याची पावती कोणाच्या नावाने फाडणार, हे आम्ही बैठकीत विचारलं. उत्तर आलं नाही. चहा आला.

बदल्यात आपल्याला काय? लीद उचलायची, भांडी घासायची, रात्री तंबूंची राखण करायची. आपल्याच शेतात राखणदार म्हणून उभं राहायचं, आणि तेही हंगामापुरतं.

‘अमेरिकेत असंच करतात’, हेही बैठकीत ऐकवलं गेलं. करतात, खरं आहे. घोडे घेऊन तळ्याकाठी मुक्काम करायची तिकडे जुनी रीत आहे. पण तिकडे अनेक सरकारी जंगलांत तळ्यापासून २०० फुटांच्या आत घोडा बांधायला मनाई आहे, कारण खुरांनी काठ ढासळतो आणि लीद पाण्यात जाते. आपल्या नकाशावरची वाट तर पाण्याला चिकटून जाते. त्याच पाण्याच्या खाली गावांच्या नळयोजना आहेत. नक्कल करायची तर पुरती करा.

आणि अमेरिकेचं नाव काढलंच आहे तर तिथल्या टाओस प्वेब्लोची हकीकत साहेबांनी ऐकावी. न्यू मेक्सिको राज्यातल्या मूळ रहिवाशांचं हे गाव. गावातून वाहणारी नदी अकरा हजार फुटांहून उंचावरच्या एका तळ्यातून निघते. ब्लू लेक, निळं तळं. ते त्यांचं देवस्थान. दर ऑगस्टमध्ये अख्खं गाव वर जातं. १९०६ साली सरकारने तळ्यासकट ते सगळं रान सरकारी जंगलात ओढलं, गावाला न विचारता. मग जंगलखात्याने वर जायच्या वाटा पाडल्या, रेंजरसाठी खोपट बांधलं, गळ टाकणाऱ्यांसाठी तळ्यात ट्राउट मासे सोडले. घोड्यांवर सामान लादून पाहुणे मुक्कामाला यायला लागले. देवाच्या तळ्याकाठी त्यांच्या चुली, त्यांचा कचरा. आणि ज्यांचं तळं त्यांना खात्याने परवाना दिला! त्यात ऑगस्टमधले तीन दिवस तेवढे त्यांचे एकट्याचे.

हे ओळखीचं वाटतं ना? आपल्यालाही आपल्याच देवाला जायला गेटवर नाव लिहावं लागतं.

टाओसचे लोक काय बोलले ते महत्त्वाचं. १९२६ साली, ज्या जमिनीवर टाओस शहर वसलं तिची भरपाई सोडून द्यायची तयारी त्यांनी दाखवली. बदल्यात फक्त तळं मागितलं. मिळालं नाही. १९६५ साली दावे ऐकणाऱ्या आयोगाने मान्य केलं की ही जमीन अन्यायाने घेतली. पण आयोगाच्या हातात फक्त पैसे देणं होतं. लोकांनी पैसे नाकारले. जमीनच हवी म्हणाले. डिसेंबर १९७० मध्ये तिथल्या सिनेटने ७० विरुद्ध १२ मतांनी कायदा मंजूर केला, निक्सनने सही केली आणि ४८ हजार एकर परत आलं. चौसष्ट वर्षांनी. निक्सन काही गरिबांचा कैवारी नव्हता, व्हिएतनामला विचारा. तरी त्याला सही करावी लागली, कारण तीन पिढ्यांनी एकच मागणी धरून ठेवली. आज त्या तळ्याकाठी बाहेरच्या पाहुण्याचा तंबू लागत नाही.

एक गोष्ट साफ करू. आपलं भांडण घोड्याशी नाही आणि घोडेवाल्याशी तर नाहीच. माथेरानला जो दिवसभर लगाम धरून पाहुण्याच्या पुढे चालतो तो आपल्यासारखाच राबणारा आहे. इथे येणारे घोडेही मालकाचे असतील आणि त्यांना फिरवणारी पोरं रोजावरची. उद्या ती पोरं पाड्यावर आली तर त्यांना पाणी द्या. जाब त्याला विचारायचा ज्याने पिकाची जमीन ‘मोकळी’ लिहिली.

काही जवान साथी म्हणतात, आपणच तंबू लावू, घोडे आणू, पैसा आपल्याला राहील. यावर बोलू. जोत्यावरच्या माळाला दोन खोल्या, भाकरी-पिठलं, हे गावाने ठरवलं तर कोणाची ना नाही. पण गाळपेरीवर आपला तंबूसुद्धा नको. एकदा ती जमीन बिगरशेतीला दिली की पुढच्या साली पट्टा कोणाच्या नावाने निघेल याची खात्री कोण देणार?

अनुसूचित क्षेत्रात गावाची साधनसंपत्ती जपायचा अधिकार ग्रामसभेचा आहे, १९९६ च्या पेसा कायद्याने तो मानला आहे. म्हणून ठराव आपला आपण करायचा. ग्रामसेवकाने आणलेल्या कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. ठरावात तीन गोष्टी असतील: गाळपेरीचे पट्टे बुडितग्रस्तांच्याच नावाने निघावेत, काठावर तंबू आणि तबेल्याला परवानगी नाही, आणि नकाशावरचा ‘मोकळी जमीन’ हा शब्द खोडून तिथे पेरणाऱ्यांची नावं लिहावीत.

सोमवारी बाजार उठल्यावर शाळेच्या पडवीत जमायचं आहे. ज्यांच्याकडे गाळपेरीच्या खंडाच्या पावत्या आहेत त्यांनी त्या आणाव्यात, जुन्या, फाटक्या, कशाही. ज्यांच्याकडे पावती नाही त्यांनी बांधाचा शेजारी सोबत आणावा. बायांनी यायचंच आहे, गाळात पेरणारे हात जास्त त्यांचेच आहेत.