जोडकामाचा राखणदार

दप्तर फुटले की सरकार संगणकाला बोल लावते. साफ थोतांड! अमेरिकन सरकारचे कर्मचारी खाते पाहा. २०१५ साली तिथली चोरी उघडकीस आली. २ कोटी १५ लाख माणसांची खाजगी माहिती गेली. ५६ लाखांच्या बोटांचे ठसेसुद्धा! चोर चतुर होते, कबूल. पण खात्याचे तपासनीस २००७ सालापासून कंठशोष करीत होते. माहितीची राखण ज्यांच्या गळ्यात मारली होती, ते आपले मूळ काम सांभाळून ती करीत. अनेकांना त्या विद्येचा गंध नाही, आणि बांधलेले आपापल्या विभागाला! अशा घराला सोन्याचे कुलूप लावून काय उपयोग? लक्ष्मीपूजनाला तिजोरी पुजणाऱ्यांनो, आपल्याही सरकारला विचारा: आमच्या दप्तराचा राखणदार कोण, आणि त्याचे ऐकतो कोण?