उंबऱ्याच्या आतली बालवाडी

दिवाळी अंकाच्या जाहिराती गोळा करायला निघालं की गावाचं वर्ष कसं गेलं ते कळतं. आमच्या अंकात एके काळी खतं, बियाणी, ठिबकचे पाइप आणि सराफ असायचे. आता त्यांच्या जोडीला प्ले ग्रुप आणि नर्सऱ्या आल्या आहेत: ‘अडीच वर्षांपासून प्रवेश सुरू’, शेजारी पिवळी बस आणि गळ्यात टाय बांधलेलं, हसायला लावलेलं मूल. या जाहिराती आम्ही घेतल्या, कारण छापखाना उधारीवर चालत नाही. पण त्या घेतानाच ठरलं की यंदाचा विषय शाळेच्या फाटकाच्या अलीकडचा ठेवायचा. सहा वर्षांच्या आतलं मूल घरी काय शिकतं, कुणाकडून शिकतं, काय खातं आणि किती वाजता झोपतं?

या विषयावर बोलायचा केडगावाला थोडा जास्तच हक्क आहे. आपल्या स्टेशनावर उतरणारे पाहुणे बेटावरच्या देवळाची नाहीतर मुक्ती मिशनची वाट विचारतात. हे मिशन काढून विधवांना आणि दुष्काळातल्या मुलींना आसरा देणाऱ्या पंडिता रमाबाई आपल्याला ठाऊक आहेत. त्या लहान मुलांच्या शिक्षणाचा रीतसर अभ्यास करून आल्या होत्या, हे मात्र आपण सहसा सांगत नाही. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या सोहळ्यासाठी रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या आणि पुढं अडीच वर्षांहून अधिक काळ तिथंच राहिल्या. त्या मुक्कामात त्यांनी शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलची किंडरगार्टन पद्धत शिकून घेतली. तिच्यात मुलांच्या हातात लोकरी चेंडू, लाकडी ठोकळे, काड्या, विणायला कागदाच्या पट्ट्या आणि मळायला माती दिली जाई. पाटी-पेन्सिलीला तिथं घाई नव्हती. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. ते पुण्याला आलं, आणि दुष्काळ-प्लेगच्या दिवसांत केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून इथं आणलेल्या मुलींची सुरुवात अन्न, अंघोळ आणि अंगभर कपडा इथूनच करावी लागली. अक्षरांची पाळी त्यानंतर आली.

रमाबाईंचं स्वतःचं शिक्षणही घरातच झालं. त्या आठेक वर्षांच्या असताना आई लक्ष्मीबाईंनी त्यांना संस्कृत शिकवायला घेतलं. घरकामातून वेळ उरत नसे, म्हणून माउली पहाटे पाखरं जागी होण्याच्या सुमारास लेकीला उठवी, जवळ घेई, गोंजारी आणि मग पाठ सुरू होई. आई म्हणायची, मुलगी मागून म्हणायची. पुस्तकाची गरजच नसे.

ही गोष्ट मोहक आहे, म्हणूनच जपून सांगायला हवी. तिचा हुकमी शेवट असा केला जातो की बघा, पूर्वीच्या बाया चुलीपाशी राबूनही मुलांना घडवत, तुम्हाला मिक्सर, गॅस सगळं असून जमत नाही. हा शेवट आम्हाला मान्य नाही. या कथेचा पहिला अध्याय वेगळाच आहे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्याआधी आपल्या बायकोला शिकवलं. बाईला संस्कृत शिकवतो म्हणून शास्त्रीमंडळींचा विरोध झाला, तरी ते मागे हटले नाहीत. गंगामूळच्या रानात बिऱ्हाड करून राहिले. लेकीच्या पहाटेच्या पाठामागे बापानं वर्षानुवर्षं घेतलेले कष्ट होते. ते सोडून द्यायचे आणि आईची पहाट तेवढी सुनांना ऐकवायची, हा लबाडपणा झाला.

आज आपल्याकडचा बाप काय करतो? पुण्याला कामाला जाणारा सकाळची डेमू पकडतो तेव्हा मूल झोपलेलं असतं आणि परततो तेव्हाही झोपलेलं असतं. कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळ्या आहेत. शेतकऱ्याला रात्रीच्या विजेनं झोप नाही. हे सगळं खरं आहे. पण सुट्टीच्या दिवशी चौफुल्यावर मित्रांत तासभर उभं राहायला जमतं, तर पोराला खांद्यावर घेऊन उसाच्या बांधानं फिरायलाही जमावं. तिथं बोलायला विषय कमी पडत नाहीत. मोटार चालू केली की पाणी कुठून येतं, बगळे नांगरामागेच का चालतात, हे पान खरबरीत आणि ते मऊ का? तीन वर्षांच्या मुलाची भाषा अशा बोलण्यातूनच वाढते. टीव्हीवरच्या गाण्याला ते डोलतं, पण टीव्ही त्याला उलट उत्तर देत नाही आणि त्याच्या उत्तराची वाटही बघत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटलं आहे की मुलाच्या मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षाआधी होतो. हा आकडा हाती लागल्यापासून नर्सरीवाल्यांची चांदी झाली आहे. आकड्याचा अर्थ ‘लवकर लिहायला बसवा’ असा काढला जातो. वास्तविक त्या वयाला लागतं ते बोलणं, खेळणं, नीट खाणं आणि भरपूर झोप. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला दहा ते तेरा तास झोप आणि एकूण तीन तास हालचाल हवी. पडद्यासमोर फार तर एक तास, आणि दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच. आपल्याकडे रात्री साडेदहाची मालिका संपल्यावर अंथरुणं पडतात आणि सकाळी आठला मूल रिक्षात असतं. हिशेब ज्यानं त्यानं घालावा.

सवयींचं तर विचारूच नका. मूल ऐकून शिकत नाही, बघून शिकतं, हे आपल्या घरांतली मिसरी सिद्ध करते. आजी तव्यावर तंबाखू भाजते, कुटते, सकाळी ओसरीत बसून तासभर दातांवर फिरवते आणि मांडीवरचा नातू तेच बोट आपल्या तोंडात घालतो. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्याच ओसरीत आजीच्या हातात ब्रश आणि समोर साबणाची वडी असती, तर त्यानं त्यांचीही नक्कल केली असती. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणानं हात धुणं, या एवढ्याशा गोष्टीनं किती जुलाब टळतात! पण घरातला मोठा माणूस तसाच ताटावर बसत असेल, तर भिंतीवरचा तक्ता कोण वाचणार?

आता एक अवघड गोष्ट. आपण गुळाच्या मुलखातली माणसं. गुऱ्हाळावर गेलं की रस, काकवी, गरम गुळाचा खडा लेकराच्या हातावर ठेवणं हा आपला पाहुणचार आहे, आणि तो बंद करा असं लिहायला हात धजत नाही. तरी बालरोगतज्ज्ञ सांगतात ते सांगायलाच हवं: दोन वर्षांच्या आत वरून साखर नको, आणि दातांच्या दृष्टीनं गूळही साखरच. सणाला खडा द्यावा, रोज नको. मात्र दुकानातल्या पाच रुपयांच्या चकचकीत पुड्याची आम्हाला तेवढी दया येत नाही. रडं थांबवायला तो दिला की जेवणाची भूक मरते, मग ‘पोरगं काही खातच नाही’ म्हणून मोबाइल समोर धरून वरणभात भरवायचा. शेंगदाण्याचं कूट, मऊ भाकरी, मटकीची उसळ, घरचं अंडं यांना जाहिरात नाही एवढंच.

चौफुल्याहून सुप्यावरून खाली गेलं की मोरगाव. अनुताई वाघांचा जन्म १९१० साली तिथला. लहानपणीच लग्न आणि पाठोपाठ वैधव्य वाट्याला आलेली ही मुलगी शिकली, शिक्षिका झाली आणि १९४५ मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीत बालशिक्षणाच्या कामाला लागली. पुढं कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आधी मुलांची नखं, केस, अंघोळ. मग गाणी, गोष्टी. साधनं म्हणून बिया, शिंपले, पानं, खडे. देशभर पोचलेल्या अंगणवाडीची मुळं तिथली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी अंगणवाड्या चालवणारी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, राज्यात पहिल्यांदा मेळघाटातल्या धारणीत. तिला २०२५ मध्ये पन्नास वर्षं झाली. आपल्या वस्तीवरच्या अंगणवाडी ताई वजनं घेतात, पोषण ट्रॅकर भरतात, घरपोच आहार वाटतात, निवडणुकीच्या कामालाही जातात. त्यांनी पालकांना बोलावलं की मेळाव्याला आया जातात. बापांच्या खुर्च्या रिकाम्या असतात.

दिवाळीचे हे चार दिवस मात्र बाप घरी असतो. किल्ला करा. माती कालवायला, दगड रचायला, मोहरी-हळीव पेरायला मुलाला घ्या आणि किल्ला वाकडा झाला तर होऊ द्या. फोटोसाठी स्वतःच सरळ करत बसू नका. शंकरपाळ्याची एक पोळी त्याच्या हवाली करा, रांगोळीचे ठिपके मोजायला बसवा. माती मळणं, आकार कापणं, ठिपके जोडणं हे रमाबाई पार अमेरिकेत शिकून आल्या होत्या. आपल्याकडे ते सणाच्या गडबडीत आपोआप असतं, आणि ‘सर तिकडं, सांडशील’ म्हणून आपण मुलाला त्यापासून दूर करतो.

सणाच्या मागेपुढे ऊसतोडीच्या टोळ्या येऊ लागतील. बीड, नगरची माणसं फडाकडेला कोप्या घालतील. गुऱ्हाळांवर परप्रांतीय कुटुंबं आधीपासूनच आहेत. त्यांची दोन-तीन वर्षांची पोरं बैलगाडीखालच्या झोळीत नाहीतर पाचटावर दिवस काढतात. आई कोयता घेऊन अंधारातच गेलेली असते. अंगणवाडीचा आहार, लस, वजन यांवर त्या मुलांचाही हक्क आहे, गावचा दाखला असो वा नसो. अडचण अशी की ताईंना कोप्या कुठं पडल्यात ते कळत नाही आणि टोळीवाल्यांना अंगणवाडी कुठं आहे ते. बागाईतदाराला दोन्ही ठाऊक असतं. आपल्या रानात टोळी उतरली की त्यानं त्याच दिवशी ताईंना फोन करावा, एवढीच या अंकाची त्याला विनंती आहे.

अंकात डॉक्टरांचे, अंगणवाडी ताईंचे आणि दोन आजोबांचे लेख आहेत. आजोबांनी शब्दमर्यादा पाळलेली नाही. मधलं एक पान जाड कागदाचं आणि दोन्ही बाजूंनी कोरं सोडलं आहे. जाहिरात विभागानं त्यावर दोनदा हक्क सांगितला, आम्ही दिला नाही. ते फाडून घरातल्या लहानग्याला द्यावं. त्यानं काय काढलंय ते ओळखायची घाई करू नये, त्यालाच विचारावं.