यंत्र एकाचे, आज्ञा दुसऱ्याची

हिरवळ कापणारा यंत्रमानव हे युरोपातील उपनगरांत आता नित्याचे दृश्य झाले आहे. हुस्क्वार्ना या स्वीडिश कंपनीने सौरऊर्जेवर चालणारे असे यंत्र १९९५ मध्ये बाजारात आणले. पुढे बॅटरीवर चालणारी यंत्रे आली आणि घरामागच्या हिरवळीवर माणसाशिवाय फिरू लागली. जमिनीत पुरलेली तार किंवा उपग्रहाचे संकेत यांवरून आपली हद्द ओळखावी, गवत रोज थोडे थोडे कापावे, बॅटरी उतरली की आपल्या ठाण्यावर परतावे आणि कोणी उचलताच पाती थांबवावीत, असा त्याचा दिनक्रम. यातले शहाणपण पात्यांचे नव्हे, मोटारीचेही नव्हे. ते यंत्राच्या पोटातील आज्ञावलीचे, म्हणजेच सॉफ्टवेअरचे आहे.

जुन्या यंत्राची निगा म्हणजे पाते परजणे आणि तेल घालणे. नव्या यंत्राच्या मालकाला आणखी एक काम आले आहे. हिवाळाभर अडगळीत ठेवलेले यंत्र वसंतात बाहेर काढले की पहिल्या कापणीपूर्वी ते ठाण्यावर उभे करावे, बॅटरी पूर्ण भरू द्यावी आणि फोनच्या साहाय्याने आज्ञावली अद्ययावत करून घ्यावी. ते चालू असताना मध्येच वीज तोडू नये. मालकाने एवढे अवश्य करावे. परंतु निर्माता नवी आज्ञावली पाठवीत आहे, तोवरच या दक्षतेला अर्थ आहे. अमुक यंत्र आता जुने झाले असे कंपनीने ठरविले, की चाके धडधाकट आणि मोटार शाबूत असूनही त्याचे वार्धक्य सुरू होते. घसारा वापराने होतो, काळाने होतो किंवा नव्या शोधाने होतो, असे पाठ्यपुस्तके शिकवीत आली. येथे तो विक्रेत्याच्या कचेरीतील एका निर्णयाने होतो!

ही केवळ गैरसोय असती तर तिच्यावर एवढी शाई खर्चण्याचे कारण नव्हते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लास व्हेगास येथील एका परिषदेत संशोधकांनी एकोव्हॅक्स या चिनी कंपनीचे घर झाडणारे व गवत कापणारे यंत्रमानव तपासून त्यांतील दोष जाहीर केले. ब्लूटूथच्या मार्गाने परक्याला या यंत्रांत शिरकाव करता येतो, असे त्यांना आढळले होते. त्याआधी, २०१६ मध्ये, ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने घरोघरचे कॅमेरे आणि तत्सम उपकरणे वेठीस धरून अमेरिकेतील इंटरनेटसेवेवर मोठा आघात केला होता. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांपैकी बहुतेकांना त्याची गंधवार्ताही नव्हती. एकाच्या निष्काळजीपणाची किंमत तिऱ्हाइताने मोजावी, याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात, आणि असे परिणाम बाजार आपोआप निस्तरत नाही.

ग्राहकाने चांगली कंपनी निवडावी, हे उत्तर वरवर बिनतोड वाटते. पण निवडावी कशाच्या आधारावर? जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की मालाचा खरा दर्जा विक्रेत्यालाच ठाऊक असेल तर चांगला माल हळूहळू बाजारातून हटतो. येथेही तेच आहे. आठ वर्षे आज्ञावली सुधारून देणारा आणि दोन वर्षांत हात झटकणारा, असे दोघेही दुकानाच्या फळीवर सारखेच दिसतात. मग पहिल्याने जादा खर्च कशासाठी सोसावा? या कामाला पैसा लागतो ही निर्मात्यांची तक्रार खोटी नाही. अभियंत्यांना वेतन द्यावे लागते, जुन्या प्रतिमानांवर नव्या आज्ञावलीची चाचणी घ्यावी लागते. तथापि हा खर्च विक्रीच्या किमतीत उघडपणे धरावा. तो टाळून दर तीन वर्षांनी नवे यंत्र गळ्यात मारणे हा काही त्यावरचा सभ्य उपाय नव्हे.

ब्रिटनने या बाबतीत पहिले पाऊल माफक टाकले. २९ एप्रिल २०२४ पासून तेथे इंटरनेटशी जोडल्या जाणाऱ्या उपकरणाच्या निर्मात्याला सुरक्षाविषयक सुधारणा किमान किती काळ मिळतील हे जाहीर करावे लागते. तो काळ किती असावा, हे मात्र कायदा सांगत नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्येच संमत केलेला सायबर-सुरक्षेचा कायदा अधिक खोलात जातो. त्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाची आहेत. उपकरणाचे अपेक्षित आयुष्यच कमी नसेल तर निदान पाच वर्षे आधार द्यावा, सुरक्षेच्या सुधारणा सर्वसाधारणतः विनामूल्य असाव्यात आणि शक्य तेथे त्या नव्या सोयीसुविधांपासून वेगळ्या द्याव्यात, असे तो म्हणतो. शेवटचे कलम विशेष महत्त्वाचे आहे. कुलूप दुरुस्त करून घेताना घराची मांडणी बदलू देण्याची सक्ती कोणावर असू नये.

युरोपातील हिरवळीशी महाराष्ट्रातील शिक्षकाचा वा कारकुनाचा काय संबंध, अशी शंका कोणी घेईल. संबंध त्याच्या खिशात आहे. हप्त्यांवर घेतलेला फोन अजून सुस्थितीत असताना त्याला सुधारणा येणे थांबते, आणि त्याच फोनवर बँकेचे व्यवहार चालू राहतात. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये फोन व टॅबलेट यांच्या दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा आराखडा सादर केला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती यांच्याबरोबर सॉफ्टवेअरच्या सुधारणा हाही त्यात एक निकष आहे. हे स्वागतार्हच आहे. परंतु अनेक निकष एकत्र मळून काढलेल्या गुणांकातून आधार कोणत्या साली संपणार, हे ग्राहकाला कळणार नाही. औषधाच्या वेष्टनावर मुदतीचा महिना छापता येतो. फोनच्या खोक्यावर कमाल किरकोळ किमतीशेजारी तेवढीच एक तारीख छापावयास कोणत्या कंपनीला कितीसा खर्च येणार आहे?