आज कुणाचा वार?

आम्ही सख्खी-चुलत मिळून अकरा भावंडं. माणदेशातलं एकत्र कुटुंब, चूल एक, आणि या पोरांच्या पलटणीची दिवाणगिरी थोरल्या काकूकडे. माजघराच्या भिंतीवर तिने कोळशाने वार लिहून ठेवले होते. कंदिलाच्या काचा कुणी पुसायच्या, दळण कुणी आणायचं, अंथरुणं कुणी घालायची. काम चुकवलं तर मार नसे. चुकवणाऱ्याला शेवटच्या पंगतीला बसवत. अकरा पोरांच्या घरात शेवटची पंगत म्हणजे काय, हे ज्याने आमटीच्या पातेल्याचा तळ पाहिला त्यालाच ठाऊक!

गादी आवरली म्हणून मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवणारे आईबाप पाहिले, की मी ही हकिगत अभिमानाने सांगतो. काकूच्या घरात कामाला 'मदत' म्हणत नसत, वाटणी म्हणत. काचेत हात मावतो तोवर कंदील माझ्याकडे, मग मी शिकवून धाकट्याकडे. ती पद्धत चांगलीच होती, हे मी आजही म्हणेन.

गेल्या दिवाळीत मी असाच रंगात आलो होतो. अक्का, आमची थोरली चुलत बहीण, शेंगा सोलता सोलता म्हणाली, "वार तुम्हा पोरांना होते रे. आमची कामं भिंतीवर होती कुठे?"

मी आठवू लागलो. दळण, रॉकेलची रांग, रेशनवरचा मिलो ही आमची कामं. एकदा केली की सुटका, वर वाटेत गोट्यांचा डावही व्हायचा. भाकरी, खरकटी, धुणं, कडेवरचं पोर यांना वार नव्हता, कारण ती रोजचीच. १९७२ च्या दुष्काळात आमची विहीर आटली. पाणी लांबून आणावं लागे. ते कुणी आणायचं हे भिंतीवर लिहिलंच गेलं नाही. कळशी आपोआप अक्काच्या कमरेवर गेली. ती तेव्हा आठवीत होती. पुढच्या साली पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं, पण अक्का शाळेत परत गेली नाही. शाळा सोड असं तिला कुणीही म्हटलेलं नव्हतं.

हे जुन्या काळाचं म्हणून सोडून देता येत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत सहा वर्षांवरच्या माणसांचा दिवस मोजला गेला. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. आणि अशा कामाला मुळात हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस. आज फ्रिजवर मुलांच्या कामांचा तक्ता लावणारी घरं मी पाहतो. तक्त्यात झाडांना पाणी असतं, बूट-पॉलिश असतं. ओटा पुसणं क्वचितच दिसतं.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?" मी अक्काला विचारलं.

"काकूला विचारलं होतं एकदा," ती म्हणाली. "म्हणाली, माझं तरी नाव कुठे आहे गं भिंतीवर?"