गिऱ्हाइकाचे बोलणे आणि गिऱ्हाइकाचे वागणे

गिऱ्हाईक काय बोलते यापेक्षा ते काय विकत घेते ते पाहावे, या विचाराला सॅम्युएल्सन यांनी १९३८ मध्ये शास्त्रीय रूप दिले. आइसलँडमधील सीसीपी या कंपनीला त्याची अर्धी बाजू २०११ मध्ये महागात पडली.

तिच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातील व्यापार-युद्धाच्या खेळात हजारो खेळाडू एकाच आभासी विश्वात वावरतात. त्यांनी मतदानाने निवडलेले सल्लागार मंडळ २००८ पासून आहे. तरीही जून २०११ मध्ये पात्राच्या डोळ्याला लावावयाचे एक शोभेचे भिंग साठ डॉलरांहून अधिक किमतीस विक्रीला आले. खेळाडूंच्या बोलण्यापेक्षा कृतीकडे पाहावे, असे सांगणारे प्रमुखांचे अंतर्गत पत्रही फुटले. गंमत अशी की, खेळाडूंनी ते अक्षरशः मनावर घेतले! आभासी बाजारपेठेत निदर्शने झाली, आणि अनेकांनी वर्गणीच थांबविली. मंडळाला तातडीने रेक्याविकला पाचारण करण्यात आले. ऑक्टोबरात प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. त्याच महिन्यात सुमारे वीस टक्के नोकरवर्गाला घरी जावे लागले. भिंगाची किंमत त्यांपैकी कितीजणांनी ठरविली होती?

बंद झालेली वर्गणी नाराजी दाखविते, पण कारण सांगत नाही. शिवाय तो आकडा हाती येईतो वेळ निघून गेलेली असते. मंडळ सर्वांचा आवाज आहे, असेही नव्हे. मतदान करतात ते बहुधा मुरलेले खेळाडू. नवखा गुपचूप निघून जातो. म्हणून अंतिम निर्णय कंपनीकडेच राहावा. मात्र असा बदल अमलात आणण्यापूर्वी मंडळाचे मत घेणे आणि ते डावलल्यास कारण जाहीर करणे तिच्यावर बंधनकारक असावे.