झाशी, तिआनजिन आणि १८५८ चा हिशेब

शांघाय सहकार्य संघटनेच्या शिखर परिषदेसाठी पंतप्रधान नरेंद्र मोदी ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस चीनला गेले, तेव्हा राजधानीत चर्चा रंगली ती हस्तांदोलनाची, अमेरिकेच्या आयात शुल्काची आणि सात वर्षांनी जुळून आलेल्या चीनभेटीच्या मुहूर्ताची. परिषद तिआनजिन येथे होती, ही बाब त्या चर्चेत केवळ स्थळाच्या उल्लेखापुरती उरली. चिनी इतिहासात मात्र या नावाला वेगळे वजन आहे. ब्रिटन, फ्रान्स, रशिया आणि अमेरिका या चार सत्तांनी मांचू बादशाहीवर विषम तह लादले ते जून १८५८ मध्ये याच शहरात. त्याच वर्षी आपल्याकडे झाशी पडली. या दोन घटना वेगवेगळ्या पुस्तकांत वाचण्याची आपल्याला सवय आहे. परंतु चीनशी आज चाललेल्या वाटाघाटींचे मर्म जाणून घ्यावयाचे असेल, तर त्या एकत्र वाचणे अपरिहार्य आहे.

१८५३ च्या मार्चमध्ये तायपिंग बंडखोरांनी नानकिंग जिंकून मांचू राजवट मुळापासून हादरविली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात झाशीचे गंगाधरराव नेवाळकर निवर्तले आणि दत्तकविधान नामंजूर करून कंपनी सरकारने १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. १८५७ मध्ये लॉर्ड एल्गिन चीनच्या मोहिमेवर निघाला असता सिंगापुरात त्याला लॉर्ड कॅनिंगचा निरोप मिळाला, आणि चीनकडे चाललेल्या पलटणी कलकत्त्याकडे वळविण्यात आल्या. हिंदुस्थानातील उठावामुळे चीनवरील आक्रमण लांबले, टळले मात्र नाही. एप्रिल १८५८ च्या पहिल्या आठवड्यात सर ह्यू रोजने झाशी घेतली. जूनच्या मध्यास ग्वाल्हेरजवळ राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या. त्यानंतर दहा दिवसांच्या आत, २६ जून रोजी, एल्गिनने तिआनजिनचा तह पदरात पाडून घेतला. नोव्हेंबरात व्हिक्टोरिया राणीच्या जाहीरनाम्याने हिंदुस्थान थेट ब्रिटिश राजसत्तेखाली गेला, आणि त्याच महिन्यात शांघाय येथे झालेल्या करारान्वये चीनमध्ये अफूची आयात कायदेशीर ठरली. १८६० मध्ये बीजिंगजवळचा बादशाही उन्हाळी राजवाडा जाळण्याचा हुकूम देणारा हाच एल्गिन १८६२ मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि पुढील वर्षी धरमशाला येथे मरण पावला.

या सामायिक काळाची आठवण मात्र दोन्ही देशांनी निराळ्या रीतीने जपली. पेणजवळच्या वरसईहून द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेलेले विष्णुभट गोडसे वेढ्याच्या वेळी झाशीतच होते. त्यांनी सांगितलेली लुटीची आणि कत्तलीची हकीकत १९०७ मध्ये 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध झाली. एवढे अस्सल साधन हाताशी असूनही आपल्या सार्वजनिक जीवनात झाशी उरली ती प्रामुख्याने शौर्यगाथा म्हणून. चीनने त्याच काळाची आठवण राज्यकारभाराचे साधन बनविली. १८३९ च्या पहिल्या अफूयुद्धापासून १९४९ पर्यंतचा काळ तेथे 'अपमानाचे शतक' म्हणून शिकविला जातो. १८४२ मध्ये हाँगकाँग गेले, १८९५ मध्ये तैवान गेले, १९०१ मध्ये ४५ कोटी टेल चांदीचा दंड बसला, १९१२ मध्ये अखेरच्या बादशहाने सिंहासन सोडले आणि १९३७ मध्ये जपानने सर्वंकष आक्रमण केले. १९८९ च्या तिआनमेन प्रकरणानंतर देशभक्तीच्या शिक्षणाची मोहीम हाती घेऊन साम्यवादी पक्षाने हीच कहाणी आपल्या सत्तेचे अधिष्ठान केली. पक्षाची सूत्रे हाती येताच नोव्हेंबर २०१२ मध्ये शी जिनपिंग यांनी 'चिनी स्वप्ना'ची घोषणा केली, तीही बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात याच इतिहासाचे प्रदर्शन पाहताना.

या कहाणीत भारताचे स्थान कोणते? आपण समदुःखी आहोत, असे दिल्लीत गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. १८६० मध्ये बीजिंगवर चालून गेलेल्या फौजेत पंजाबच्या पलटणी, शीख घोडदळ आणि मद्रासचे सॅपर्स होते. चहाच्या मोबदल्यात चीनला जाणारी चांदी वाचविण्यासाठी ब्रिटिशांनी ज्या अफूचा आधार घेतला, ती बिहार, बनारस आणि माळवा येथे पिकत होती. शिंदे-होळकरांच्या मुलखातील माळवी अफू मुंबई बंदरातून रवाना होई. ज्यांच्या दातृत्वातून मुंबईचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले, त्या सर जमशेटजी जीजीभाईंच्या संपत्तीतही चीनच्या या व्यापाराचा मोठा वाटा होता. याउलट १९३८ च्या वैद्यकीय पथकातून गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये चीनच्या भूमीवरच निधन पावले, आणि चिनी नेते त्यांचे स्मरण आजही आदराने करतात. चीनच्या वहीत भारताच्या नावे अशा जमा आणि खर्च, दोन्ही बाजूंच्या नोंदी आहेत. कोणत्या वेळी कोणते पान उघडावयाचे, हे बीजिंग सोयीनुसार ठरविते.

सीमाप्रश्नात ही सोय विशेष स्पष्ट दिसते. १९१४ ची मॅकमहोन रेषा ही साम्राज्यवादाची देणगी असल्याचे चाऊ एन-लाय यांनी १९५९ मध्ये नेहरूंना कळविले. परंतु तीच रेषा ब्रह्मदेशाच्या वाट्याला जेथे येते, तेथे ती बहुतांशी जशीच्या तशी स्वीकारून चीनने १९६० मध्ये सीमा करार केला. २०१७ च्या डोकलाम पेचात तर चीनने १८९० च्या ब्रिटिशकालीन कराराचाच दाखला दिला. म्हणजे ब्रिटिशांनी केलेला तह १९१४ चा असेल तर अपमान, आणि १८९० चा असेल तर पुरावा! शिवाय ज्या मांचू बादशाहीला उलथवून प्रजासत्ताक आले, तिने जिंकलेला शिनजियांग आणि तिने हक्क सांगितलेला तिबेट यांवरील वारसा मात्र निर्विवाद मानला जातो. साम्राज्याच्या जखमा आणि साम्राज्याची जहागीर, दोन्ही एकाच वारसाने घेतल्या आहेत.

हे सारे आजच उगाळण्याचे कारण आहे. जून २०२० मध्ये गलवान येथे २० भारतीय जवानांना वीरमरण आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये देपसांग व देमचोक येथील गस्तीबाबत समझोता झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही बाजूंच्या विशेष प्रतिनिधींनी सीमानिश्चितीत लवकर हाती लागण्याजोगा भाग शोधण्यासाठी तज्ज्ञगट नेमण्याचे ठरविले. असा पहिला तुकडा सिक्कीमचा असावा, असा चीनचा आग्रह राहिला, तर त्यामागे १८९० चा करार असेल. तेथे सवलत देताना, ब्रिटिशकालीन दस्तऐवज एका टोकाला ग्राह्य आणि दुसऱ्या टोकाला त्याज्य कसा, हा प्रश्न भारताने आधी मेजावर ठेवला पाहिजे. अन्यथा सुटण्याजोगे सुटेल आणि अरुणाचल व लडाख कायमचे टांगणीला राहतील.

१९ नोव्हेंबर २०२१ रोजी, राणीच्या जयंतीदिनी, झाशी येथे भारत डायनॅमिक्सच्या ४०० कोटी रुपयांच्या क्षेपणास्त्रविषयक प्रकल्पाची पायाभरणी झाली. झाशीच्या नावाने शस्त्रे घडावीत हे उचितच आहे. परंतु २०२४-२५ मध्ये चीनबरोबरची आपली व्यापारी तूट ९९ अब्ज डॉलरच्या घरात गेली. तूट वाढू लागली की तहाच्या अटी कोण लिहितो, हे अफूच्या इतिहासाने दाखविले आहे. वाटाघाटींना बसणाऱ्यांनी शौर्याच्या जोडीला हा हिशेबही सोबत नेला पाहिजे. समोरचा पक्ष आपली वही घेतल्याखेरीज बैठकीला येत नाही.